कोतवाल बुकातली ‘मुलगी’: आक्काची स्मरणिका लिहिताना (एक प्रकरण अभ्यास)

आक्का, म्हणजे माझी आजी, गेली त्याला दहा महिने झाले होते. वर्षश्राद्धाला तिच्या नावानं छोटी स्मरणिका काढायची असं घरात ठरलं आणि मजकुराचं काम चुलतभावाकडे आलं. त्यानं आठवड्यात दोन पानं लिहून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मायेचा सागर, त्यागमूर्ती, कष्टाचा डोंगर, सगळ्यांची सावली. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. रात्री पुन्हा वाचायला घेतली तेव्हा लक्षात आलं की आक्काचं नाव काढून शेजारच्या आळीतल्या कुठल्याही म्हातारीचं घातलं असतं, तरी या दोन पानांतला एक शब्दही बदलावा लागला नसता.

भावाचा यात काही दोष नव्हता. आम्हाला तिच्याबद्दल जेवढं माहीत होतं तेवढंच त्यानं लिहिलं होतं. विशेषणं बाजूला काढली तर त्या दोन पानांत माहिती म्हणून सहा गोष्टी उरत होत्या. जन्म १९३४ चा, म्हणजे आयुष्य नव्वद वर्षांचं. १९६७ च्या भूकंपात तिनं एकटीनं सगळी आळी घराबाहेर काढली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. नानांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मुंबईला गिरणीत राबून मुलांना शिकवलं आणि हिनं घर सांभाळलं. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. पदाचा मोह कधी धरला नाही.

पुढचे चार महिने आम्ही या सहा गोष्टी तपासत बसलो. छपाई लांबली, वर्षश्राद्ध स्मरणिकेविनाच पार पडलं. त्या तपासणीची ही हकीकत आहे. आक्काची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं इथे लिहीत नाही, घरच्यांनी तसं सांगितलं आहे. सासर पाटण तालुक्यात, माहेर कराडकडे, एवढं पुरे.

जन्म

आधार कार्डावर १ जानेवारी १९३४ होतं. १ जानेवारी पाहिल्यावरच शंका यायला हवी होती. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नसते त्यांच्या कार्डावर फार वेळा हीच तारीख असते. शाळेत गेलेल्या जुन्या माणसांची १ जून असते, कारण मास्तर नाव घालताना तीच लिहीत. आक्का शाळेत गेलीच नव्हती.

तिच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आबांच्या, मामाच्या नातवानं मदत केली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरं उघडली, तेव्हा त्यानं त्यांच्या गावच्या कोतवाल बुकाच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. पूर्वी गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं हे त्यात लिहिलं जाई. पानं मोडीत होती. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी ती फोनच्या पडद्यावर मोठी करून अर्ध्या तासात वाचून दिली.

आक्काच्या वडिलांच्या नावावर मुलींच्या दोन नोंदी निघाल्या, एक १९३५ ची आणि एक १९३८ ची. दोन्हीत तारीख होती, बापाचं नाव होतं, जात होती आणि पुढे ‘मुलगी’ असा शब्द. मुलीचं नाव कुठेच नव्हतं. मी तो फोटो किती वेळा उघडला असेल सांगता येत नाही. ती जगात आल्याचा हा एकुलता एक सरकारी कागद, आणि त्यावरून ती दोघींपैकी कोणती तेही कळत नव्हतं.

ते कळलं मामांकडून. मामांना वर्षं आठवत नाहीत, पण काय कशाच्या आधी झालं आणि काय नंतर हे त्यांना पक्कं आठवतं. “थोरलीचं लगीन पत्री सरकारात झालं. गांधी विवाह. ना वाजाप ना जेवणावळ, हार घातलं आन झालं. हिचं लगीन सवराज्य आल्याव चार-पाच वर्सानं.” आक्का स्वतः सांगायची की भूमिगत माणसं रात्री रानात यायची, तेव्हा भाकरी घेऊन थोरली जायची. तिला कुणी नेत नसे, कारण ‘माझं दुधाचं दात पडायचं हुतं’. सातारा जिल्ह्यात पत्री सरकारचा जोर साधारण १९४३ ते १९४६ या काळात होता. दुधाचे दात पडण्याचं वय धरलं की धाकटी, १९३८ ची, तीच आक्का ठरते.

म्हणजे ती गेली तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. तात्यांना, माझ्या चुलत्यांना, हे अजिबात आवडलं नाही. आदल्या वर्षी आम्ही तिची नव्वदी म्हणून केक कापला होता, गावात पेढे वाटले होते. “आता लोकांस्नी काय सांगायचं?” असं ते दोनतीनदा म्हणाले. मला मात्र त्या चार वर्षांनी सगळा हिशेबच बदलल्यासारखं वाटलं. लग्नात ती अठरा वर्षांची नव्हती, जेमतेम चौदाची होती. भूकंपात तिशीच्या आतली होती.

पोचपावत्या

नाना लालबागला एका चाळीतल्या खोलीत राहायचे. खोलीत बाराजण, सगळे आमच्याच पट्ट्यातले, पाळ्यांप्रमाणे झोपणारे. एक पाळी कामावर गेली की तिच्या वळकट्यांवर दुसरी पाळी आडवी व्हायची. दर महिन्याला मनीऑर्डर. हे सगळं आम्ही ऐकून होतो. पण नानांची पत्र्याची ट्रंक कुणी नीट उपसून पाहिली नव्हती. तळाशी एका जुन्या टॉवेलात गुंडाळून सुतळीनं बांधलेले दोन गठ्ठे होते. मनीऑर्डरच्या पोचपावत्या. पैसे मिळाले की घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पावतीचा तुकडा पाठवणाऱ्याकडे परत जायचा, त्या. नानांनी एकही टाकली नव्हती.

मी त्या अंथरुणावर तारखेप्रमाणे मांडल्या. एका रविवारी दुपारी सुरू केलं आणि दिवे लागणीपर्यंत उठले नाही.

सुरुवातीच्या सगळ्यांवर जांभळा अंगठा. काही ठिकाणी शाई जास्त लागून नुसता डाग, काही ठिकाणी रेषा इतक्या स्पष्ट की अंगठ्याच्या टोकाला गेलेली एक आडवी चीर दिसते. विळ्याची असावी. ती चीर पावतीमागून पावतीवर दिसत राहते. मग १९६१ च्या भाद्रपदातल्या, टपालाच्या शिक्क्यावर सप्टेंबर असलेल्या पावतीवर अंगठा नाही. अक्षरं आहेत. पेन्सिलनं आधी लिहून वरून टाकानं गिरवलेली, शिरोरेषा नसलेली, एकेक सुटं अक्षर. आडनावापर्यंत येता येता जागा संपली आणि शेवटचं अक्षर खालच्या ओळीत एकटंच पडलं आहे.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगाव रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांचे वर्ग भरत. आमच्या गावचा वर्ग देवळात भरायचा, हे गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी वेगवेगळं सांगितलं, तेव्हा त्याची खात्री पटली. आक्का त्या वर्गाला जायची, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याला एवढंच आठवत होतं की आई चुलीपुढच्या राखेत काडीनं काहीतरी काढायची आणि कुणी आलं की पायानं पुसायची. “मला वाटायचं रांगोळी शिकतीय,” आत्या म्हणाली.

पुढच्या पावत्यांवर सही सुधारत जाते. दोन वर्षांत शिरोरेषा येते. अंगठा मात्र पुन्हा एकदाही नाही, अगदी १९६३ मध्ये धाकट्या तात्यांच्या बाळंतपणाच्या महिन्यातही नाही. पोस्टमन खाटेपाशी येऊन थांबला असणार आणि तिनं पडल्यापडल्या सही केली असणार. त्या पावतीवरची सही तिरकी, वर चढत गेलेली आहे.

विचारायचं कसं

कागदांनी एवढं दिलं, पण पुढचं माणसांकडूनच मिळणार होतं. मी आणि भावानं मिळून एकतीस जणांना विचारलं. पहिले आठ-दहा जण जवळजवळ वाया गेले, कारण आम्ही विचारत होतो, “आक्का कशी होती?” असं विचारलं की उत्तर एकच: लई मायाळू, देवमाणूस. डोळ्यांत पाणी, आणि मग गप्प.

फरक पडला तो शेजारच्या काकूंमुळे. मी सहज म्हटलं, “तुमचं कधी भांडण झालं होतं का हो तिच्याशी?” काकू ताठ बसल्या. “झालं न्हाय तर! पाच म्हयनं बोलत नव्हतो.” भांडण पाण्यावरून होतं. हापसा गावाच्या वरच्या अंगाला घ्यायचा की खालच्या, यावरून. आक्काचं म्हणणं खालच्या अंगाला, कारण वस्तीतल्या बायांना वरच्या आळीत येऊन पाणी भरू देतील याची तिला खात्री नव्हती. वरच्या आळीत आमचंच घर होतं, काकूंचंही. स्वतःच्या दारातला हापसा ही बाई दुसऱ्याच्या दारात ढकलतेय, म्हणून काकू चिडल्या. हापसा खालीच झाला. आक्का नंतर वीस वर्षं तिथून दोन घागरी चढावर आणत होती.

काकूंच्या रागातून मला आक्का जेवढी दिसली तेवढी त्या दोन पानांत कुठेच दिसली नव्हती. तेव्हापासून आम्ही असलेच प्रश्न विचारू लागलो. ती सकाळी उठल्यावर आधी काय करायची, कुणाकडे कधीच जायची नाही, कशावरून रागवायची, तुमच्याकडून काय घेऊन परत दिलं नाही. कुणी अशा कामाला बसणार असेल तर मी हेच सांगेन. गुण विचारू नका, प्रसंग विचारा. आणि एकाला जे विचारलं तेच दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर न सांगता विचारा.

भूकंप आणि दुष्काळ

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं झाली होती. भूकंपाचं केंद्र कोयना धरणाजवळ, तीव्रता साडेसहाच्या आसपास. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर होत्याचं नव्हतं झालं. धरणाच्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध काय, हे सांगताना आजही जगभर कोयनेचा दाखला देतात.

आमच्या घरात ही गोष्ट अशी सांगत की आक्कानं अंधारात दारोदार ओरडत फिरून आळी वाचवली. त्या रात्री गावात असलेल्या सहाजणांना आम्ही विचारलं. कुणीही हे सांगितलं नाही. जो तो आपलं पोर उचलून बाहेर पळाला होता, तीही तशीच पळाली. एक जण तर म्हणाले की ती आबांना घेऊन बाहेर आली आणि तात्या आतच राहिले म्हणून पुन्हा घरात शिरली, तेव्हा बाकीच्यांनीच तिला ओढून धरलं होतं. तात्यांना त्यांच्या चुलतीनं मागच्या दारानं आधीच बाहेर काढलं होतं.

मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे ती माझ्यासाठी परत आत चालली हुती.”

आळी वाचवल्याची गोष्ट खोटी निघाली. पण त्याच सहाजणांपैकी पाचजणांनी, न विचारता, दुसरं काहीतरी सांगितलं. भिंती पडल्या होत्या, उभ्या होत्या त्यांत जायला कुणी धजत नव्हतं, धक्के चालूच होते. डिसेंबरची थंडी. आक्कानं आणि आणखी दोघींनी खळ्यात तीन दगड मांडून चूल पेटवली आणि ज्याच्या घरातून जे धान्य काढता येईल ते एकत्र करायला लावलं. कुणाचे तांदूळ, कुणाची नाचणी, कुणाचं नुसतं मीठ. ही सामाईक चूल अठरा दिवस चालली. कुणाकडून किती आलं हे आक्का लक्षात ठेवायची आणि सुगी झाल्यावर ज्याचं जास्त गेलं होतं त्याला कमी दिलेल्यांकडून पायलीच्या मापानं परत मिळवून दिलं. एका म्हातारीनं मला तिच्या सासूला परत मिळालेल्या धान्याचा आकडासुद्धा सांगितला. दोन पायल्या आणि एक शेर. सत्तावन्न वर्षांनंतर.

दुष्काळाचं वाक्य आम्ही काढून टाकलं. १९७२ साली माण-खटावात बायांनी खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, ते सगळं खरं आहे. पण आमच्या गावात त्या वर्षी तसं काम निघालंच नव्हतं. तिघांनी स्पष्ट सांगितलं. भावानं ते वाक्य दुसऱ्या एका आजीवरच्या लेखातून उचललं होतं. त्याला वाटलं, त्या पिढीची बाई म्हणजे खडी फोडलीच असणार.

१९८२

पोचपावत्यांचा शेवटचा तुकडा जानेवारी १९८२ चा आहे. त्या महिन्याच्या १८ तारखेला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या हजारो जणांना नोकरी परत मिळालीच नाही. नाना पावसाळ्याच्या तोंडावर गावी आले. आबा तेव्हा कराडला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते.

‘नानांनी गिरणीत राबून मुलांना शिकवलं.’ खरं आहे, १९८१ पर्यंत. त्यानंतरचं कुणीच कधी बोललं नव्हतं, आबासुद्धा नाही. मी विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटच्या वर्षाची फी, खोलीचं भाडं, खानावळ आणि परीक्षेचा अर्ज हे सगळं आक्कानं रोजगार हमीवर काम करून आणि बोरमाळ गहाण टाकून दिलं होतं. नालाबंडिंगचं काम, आठवड्याला पगार, हजेरीपटावर सही. अंगठा लावणाऱ्या बायांच्या रांगेत ती सही करायची, म्हणून मुकादमानं तिला इतरांचे दिवस मोजून घ्यायला सांगितलं. दोनदा तिनं त्याच मुकादमाच्या हजेरीत खाडे जास्त लावल्याचं दाखवून दिलं. त्यानंतर तो तिला सगळ्यांत लांबच्या बांधावर काम देऊ लागला.

कामावर जाताना ती लुगड्यावरून नानांचा सदरा घालायची. उन्हाला आणि काट्यांना. संध्याकाळी परत आली की ओट्याबाहेरच तो काढून, झटकून, घडी घालून मगच आत यायची. नाना ओट्यावर बसलेले असायचे. आबा म्हणाले, “त्यांच्यासमोर तो सदरा अंगात असायला नको म्हणून. एवढंच माझ्या लक्षात राहिलंय त्या वर्षाचं.” बोरमाळ सुटली नाही. आबांना नोकरी लागेपर्यंत व्याज चढून गेलं होतं.

‘पदाचा मोह नव्हता’

आता जे लिहायचं आहे त्यावरून घरात महिनाभर ताण होता.

बचत गटातल्या एका आजींना मी सवयीप्रमाणे विचारलं, की आक्काला कशाचं वाईट वाटायचं. त्या म्हणाल्या, “अर्ज मागं घेतल्याचं.” मला वाटलं बँकेचा अर्ज. “न्हाय, पंचायतीचा. सूचक म्हणून माझा अंगठा हुता त्यावर.”

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. ग्रामपंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा आल्या. आमच्या गावात १९९७ च्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली. नाना जाऊन दोन वर्षं झाली होती. आक्का एकोणसाठ वर्षांची होती. तिनं घरात कुणाला न विचारता अर्ज भरला. तात्यांनी ती जागा आधीच भावकीतल्या एकाच्या बायकोला कबूल केलेली होती. आबा पुण्याहून आले. दोन्ही मुलांनी मिळून तिला सांगितलं, की या वयात हे शोभत नाही, लोक काय म्हणतील, भावकीत वाकडं येईल. तिनं अर्ज मागे घेतला. परत आल्यावर जेवली नाही, एवढंच त्या आजी म्हणाल्या. आणि पुढं कुणी निवडणुकीचं काढलं की ती म्हणायची, “मला कशाला हवाय तो उपद्व्याप.”

हेच वाक्य ऐकत आम्ही नातवंडं वाढलो आणि त्याचंच स्मरणिकेत ‘पदाचा मोह नव्हता’ झालं.

आबांनी लगेच मान्य केलं. तात्यांनी केलं नाही. मेलेल्या माणसाच्या स्मरणिकेत असलं छापत नाहीत, सूनबाई वाचतील, पाहुणे वाचतील. त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. स्मरणिका काही चौकशीचा अहवाल नसते. पण ‘मोह नव्हता’ हे छापणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा अर्ज मागे घ्यायला लावणं होतं. मी म्हटलं, वाटल्यास ते वाक्यच वगळू, खोटं मात्र छापायला नको. तीन आठवडे विषय तसाच पडून राहिला.

मग आबांनी स्वतः दोन ओळी लिहून ग्रुपवर टाकल्या: ‘१९९७ साली आक्कानं ग्रामपंचायतीसाठी अर्ज भरला होता. आम्ही मुलांनी तिला तो मागे घ्यायला लावला.’ रात्री अकराला तात्यांचा मला फोन आला. “ते ‘आम्ही मुलांनी’ काढ. ‘मी’ लिही. थोरला आपला उगाच मधी आला हुता.” आबांनी ते ऐकलं नाही. शेवटी छापलं ‘आम्ही दोघांनी’.

मागितलं होतं

‘स्वतःसाठी काही मागितलं नाही’ याचीही गत तीच झाली. स्वतःसाठी म्हणता येईल की नाही ठाऊक नाही, पण एक गोष्ट तिनं मागितली आणि मिळवली. नानांच्या मागे वारस नोंदीच्या वेळी आत्याकडून हक्कसोड घ्यायची असं रीतीप्रमाणे ठरलं होतं. कागद तयार झाला होता, आत्या सही करायला आलीही होती. आक्कानं तो कागद हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून कनवटीला लावला. पुन्हा कुणाला दिला नाही. आत्याचं नाव आजही सातबारावर आहे. वाचता आलं नसतं तर अंगठा लावायच्या जागी तिनं बोट ठेवलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता, असं आत्या म्हणते.

बचत गटाचं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते गटातल्या बायांनीच लिहावं म्हणून आम्ही त्यांना एक पान मोकळं दिलं. त्यांनी सांगितलं, आत्याच्या मुलीनं लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र कायमची हातची गेली. आक्का जात्यावर ओव्या म्हणायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा झाल्या, त्यांतल्या कित्येक आज ऐकायलाही मिळतात. आक्काच्या ओव्यांतलं आमच्याकडे चाळीस सेकंदांचं चित्रण आहे, चुलतबहिणीच्या हळदीतलं. हळद दळताना ती दोन ओव्या म्हणते, तिसरी सुरू करते तेवढ्यात मागून कुणीतरी ‘आक्का, इकडं बघ, फोटो’ असं ओरडतं आणि ती थांबून फोनकडे बघते. ओरडणारा आवाज माझा आहे.

छापून आल्यावर

स्मरणिका चोवीस पानांची झाली. पहिल्या पानावर कोतवाल बुकातली ‘मुलगी’ अशी नोंद, आणि तिच्याखाली १९६१ च्या पोचपावतीवरची सही, शेवटचं अक्षर खाली पडलेलं, तशीच्या तशी. वर्ष उलटून गेलं होतं म्हणून गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावरच वाटल्या. सूचक झालेल्या आजींना वाचता येत नाही. त्यांच्या नातीनं त्यांना बचत गटाचं पान वाचून दाखवलं. गट दर मंगळवारी आक्काच्या ओट्यावर बसायचा, हे वाक्य आलं तशी त्यांनी नातीच्या हातावर हात ठेवला.

“मंगळवारी न्हाय. मंगळवारी तिचा उपास असायचा, ती बोलायची न्हाय कुणाशी. शनवारी.”

दोनशे प्रतींपैकी एकशे साठ अजून घरात होत्या. त्या संध्याकाळी आम्ही सगळे ओट्यावर बसून पेनानं वार दुरुस्त करत होतो. तात्यांनी सगळ्यांत जास्त प्रती केल्या.